मामांचा हात आणि काळी गाडी

मामांना गल्लीत सगळे आरसेमामा म्हणत, आणि ते नाव त्यांनी घाम गाळून मिळवलं होतं. उभा जन्म त्यांनी लाद्या घासल्या. इस्पितळाचे व्हरांडे, शाळांचे जिने, कचेऱ्यांचे लांबच लांब बोळ, जिथे म्हणून दगडी फरशी होती तिथे मामा आपलं घरघरतं मशीन घेऊन पोचत, आणि मागे अशी जमीन ठेवून जात की लोक दारातच बिचकत. पाणी सांडलंय असं वाटायचं. मशीन जिथे शिरत नाही ते कोपरे मामा गुडघ्यावर बसून हाताने घासत. कामगार कोपऱ्यावरून ओळखावा असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

घोटाळा वेगळाच होता. आयुष्यभर एकच गोष्ट नीट केलेल्या माणसाला जगातल्या बाकी सगळ्या गोष्टी त्या एका गोष्टीसारख्याच वाटायला लागतात. कढई असो, दाराची कडी असो की एखाद्याचा स्वभाव असो, मामांचा उपाय ठरलेला. घासा. काम सोडल्यावर त्यांनी मशीन विकलं, अंगणातली शेड रिकामी झाली, आणि हात शिवशिवतात म्हणून मामा गल्लीतल्या लोकांना गाडी कशी धुवावी ते शिकवू लागले. त्यांच्याकडे स्वतःची गाडी कधी नव्हती, त्यांना ती चालवताही येत नव्हती, पण एवढ्यातेवढ्याने थांबणाऱ्यांतले मामा नव्हते.

"भर उन्हात धुवायची," ते कंबरेवर हात ठेवून सांगत, "म्हणजे लगोलग वाळते. भांड्यांची पावडर घ्या, हिरवी घासणी घ्या, आणि गोल गोल हात फिरवा. जोर लावून! मळ कुणाला भितो? जोराला भितो. आणि मग कोरड्या फडक्यानं खसाखसा पुसा."

शेजारच्या टेलरमास्तरांना हा उपदेश एकदम पटला. त्यांची जुनी लाल गाडी होती. पहिल्याच दिवशी त्यांचं पांढरं फडकं लालभडक झालं, तसे ते जरा घाबरले.

"मामा, हे लाल काय येतंय?"

"मळ."

"लाल मळ?"

"जुना मळ लालच असतो. गंजाच्या जातीचा." मामांनी फडकं उलटसुलट करून पाहिलं आणि समाधानाने परत दिलं. "किती वर्षं साचलेला बघा. येऊ दे सगळा बाहेर."

मास्तरांनी तो मळ इमानेइतबारे बाहेर काढला. गाडी आधी लाल होती, मग विटकरी झाली, मग गुलाबी. मामा म्हणाले, उजळली. मास्तरही येईल त्याला सांगू लागले की उजळली. बाकीच्यांच्या गाड्याही याच वाटेने उजळत होत्या, आणि सगळ्याच सारख्या मिणमिणत्या झाल्यामुळे कुणाच्या डोळ्यांवर काही आलं नाही. एकटी मामी म्हणायची, "उंटावरचे शहाणे लोकांच्या गावात असतात म्हणे. माझ्या तर घरातच निघाला."

या घरात आणखी एक माणूस होतं, आणि खरं तर तिनं हे सगळं थांबवायला हवं होतं. मामांची भाची. धाकट्या बहिणीची मुलगी. गाड्यांना रंग मारायच्या कारखान्यात ती कामाला होती, आणि कारखाना जवळ पडतो म्हणून मामांकडे राहायची. तिनं एकदा सांगून पाहिलं होतं, "मामा, रंगाला घासणी लावायला सांगू नका हो कुणाला." मामा हसले होते. "पोरी, तू रंग चढवतेस, मी चमक काढतो. तुझं खातं वेगळं, माझं वेगळं." आणि खरं बोलायचं तर भाची तेव्हा रंगही चढवत नव्हती. काचांना कागद चिकटवणं, जुना रंग खरवडणं, डबे धुणं एवढंच तिच्या वाट्याला होतं. रंग फवारायची गन तिथल्या वस्तादांच्या हातात असायची आणि वस्ताद ती कुणाला धरू देत नसत.

पण वस्तादांची नजर अधू होत चालली होती. एके दिवशी त्यांनी भाचीला बोलावलं, एक अख्खी गाडी तिच्यापुढे उभी केली आणि म्हणाले, "काळी मार. एकटीनं. मी आत येणार नाही."

ती गाडी रंगून झाली त्याच दिवशी कारखान्यात दुसऱ्या एका ट्रकचं खरवडकाम निघालं. धुळीचे लोट उठले. ताज्या रंगाला ती धूळ नको म्हणून भाचीनं वस्तादांना विचारून गाडी घरी आणली आणि मामांच्या रिकाम्या शेडमध्ये लावली. संध्याकाळची वेळ होती. मामा चहाचा कप घेऊन बघायला आले, आणि कप ओठांपर्यंत गेलाच नाही.

काळा रंग मामांनी आयुष्यात पुष्कळ पाहिला होता. काळा दगड तर त्यांच्या हाताखालून किती गेला त्याची गणती नाही. पण हे काळं वेगळं होतं. याला खोली होती. बॉनेटवर वाकून पाहिलं तर आत शेडचे वासे दिसत होते, वाशांच्या मागे पत्रा, पत्र्याच्या फटीतून आलेली उन्हाची रेघ, आणि या सगळ्याच्या अलीकडे मामांचा स्वतःचा चेहरा, मिशीच्या केसान्‌केसासकट. मामांनी मान जराशी हलवली. आतलं सगळं घर त्यांच्याबरोबर हललं.

"हे तू केलंस?" त्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

"मीच केलं," भाची म्हणाली. तिच्या कानामागे अजून काळ्याचे बारीक शिंतोडे होते. "परवा सकाळी वस्ताद उन्हात नेऊन बघणार आहेत. पसंत पडली तर गन माझ्या हातात. नाही पडली तर बाहेरून रंगारी आणणार, आणि मी जन्मभर काचांना कागद चिकटवणार. म्हणून सांगते मामा, हात लावायचा नाही. फुंकसुद्धा मारायची नाही."

"मी कशाला लावतोय?" मामा दुखावले. "मी दारात बसून राखण करतो. कुणाला फिरकू देत नाही."

आणि ते खरोखर बसले. दुसऱ्या दिवशी भाची कामावर गेली तशी त्यांनी शेडच्या दारात खुर्ची टाकली आणि गल्लीतल्या पोरांना लांबूनच हाकललं. मास्तर बघायला आले तर त्यांनाही उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. दहा वेळा उठून त्यांनी बॉनेटमध्ये वाकून पाहिलं. आपली बहीण काही फार शिकलेली नाही, तिचा नवरा साधा माणूस, आणि त्यांच्या पोटी ही एवढी हुन्नर कुठून आली, याचं त्यांना नवल वाटत होतं. अभिमानाने त्यांचा ऊर भरून आला.

पोरांना हाकलता आलं, पण वासे पारव्याला कुणी बंद करून ठेवले नव्हते. भरदुपारी वरून फडफड झाली आणि बॉनेटच्या ऐन मधोमध पांढरा सडा पडला.

मामा ताडकन उठले. पक्ष्याची घाण दगडालासुद्धा खाते हे त्यांना ठाऊक होतं, तर रंगाची काय कथा. तिथंच त्यांनी भाचीला बोलावणं धाडलं असतं तर ही गोष्टच झाली नसती. त्यांनी ओलं फडकं आणलं आणि घाण पुसली. इथवरही फारसं बिघडलं नव्हतं. पण खाली एक पुसट कडं राहिलं, नाण्याएवढं. मामांनी त्याच्याकडे पाहिलं, कड्यानं मामांकडे पाहिलं, आणि मामा घासणी घेऊन आले.

कडं गेलं. त्याच्या जागी तळहाताएवढा निस्तेज डाग आला.

आता इथं दुसरा कुणीही माणूस थांबला असता. घाबरून का होईना, थांबला असता. मामा थांबले नाहीत, कारण ते लादीवाले होते. लादीच्या कामाचा पहिला नियम असा की एका डागापुरतं घासायचं नसतं. तिथं खळगा पडतो. डाग काढायचा तर अख्खी लादी सारखी खाली आणायची, आधी निस्तेज करायची, मग बारीक, मग त्याहून बारीक, आणि शेवटी चमक आपोआप दगडाच्या पोटातून वर येते. मामांनी हजारो लाद्या अशाच वाचवल्या होत्या. त्यांनी पावडर शिंपडली, बाह्या सरसावल्या आणि अख्खं बॉनेट एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत घासून काढलं. कोपरेसुद्धा सोडले नाहीत.

मग घासणी टाकून मऊ फडकं घेतलं. मग त्याहून मऊ. पाणी ओतलं की बॉनेट लखलखायचं आणि मामा म्हणायचे, आली! पाणी निथळलं की चमकही निथळून जायची, आणि खाली पाटीसारखं करडं काळं उरायचं. त्यांनी पुन्हा ओतलं. पुन्हा तेच. कितीतरी वेळ ते आत चमक शोधत राहिले, आणि मग त्यांच्या हळूहळू ध्यानात आलं की या रंगाला पोटच नाही. जे होतं ते वरच होतं, आणि ते आता बादलीत होतं.

मामी बाहेर आली आणि दारातच थिजली. "अहो, काय करून बसलात?"

"करायला गेलो गणपती..." मामा म्हणाले, आणि हातातलं फडकं त्यांनी बादलीत सोडलं.

त्यांच्या मनात आलं, वर चादर टाकावी. पारव्यावर ढकलावं. मांजरावर ढकलावं. पण बॉनेटवर सगळीकडे गोल गोल हात उमटला होता आणि तो मांजराचा नव्हता. ते फाटकात जाऊन उभे राहिले. भाची त्या दिवशी लवकर सुटली होती. लांबून येताना तिनं मामांचा चेहरा पाहिला आणि तिची चाल मंदावली.

"पोरी," मामा म्हणाले, "मी तुझं वाटोळं केलं."

ती थेट शेडमध्ये गेली, बघितलं, आणि खाली जमिनीवर बसली. ओरडली असती तर मामांना सोसलं असतं. ती नुसती बसून राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गालावर येत राहिलं. मामीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. मामा उन्हातच उभे होते. सावलीत येण्याचा आपल्याला हक्क नाही असं त्यांना वाटत होतं.

थोड्या वेळानं भाची उठली, तोंड धुतलं आणि आपली पेटी उघडली. तिच्यातून एक हातातला दिवा काढला, लहानसा पण प्रखर, आणि शेडचं दार लोटून घेतलं.

"इकडे या मामा. बघा."

तिनं दिवा बॉनेटवर धरला आणि मामा खाली वाकले. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती वर्तुळं होती. एकात एक, एकात एक, बारीक कोळ्याच्या धाग्यासारखी, हजारो. दिवा सरकला की ती सगळी त्याच्याबरोबर सरकत. एखाद्या देखण्या वस्तूकडे पाहावं तसे मामा पाहत राहिले, आणि खरंच ते देखणं होतं, हेच त्यातलं वाईट.

"हे काय आहे?"

"तुमचा हात आहे," भाची म्हणाली. "जितक्या वेळा फिरला तितक्या वेळा लिहिलाय."

मामांना एकाएकी गल्लीतल्या सगळ्या गाड्या आठवल्या. "मास्तरांच्या गाडीवर पण हेच?"

"सगळ्यांच्याच. अख्ख्या गल्लीत तुमचाच हात आहे."

मग तिनं सांगितलं की पत्र्यावर तळाला एक थर असतो, त्यावर रंगाचा, आणि त्यावर काचेसारखा पारदर्शक थर, आणि सगळी चमक त्या वरच्या थराची. मामांनी विचारलं, जाड किती? सगळे मिळून जेमतेम एका केसाएवढे, ती म्हणाली. वरचा त्याच्या अर्धा. मामांनी आपल्या डोक्याचा एक पांढरा केस उपटला आणि दोन बोटांत धरून उजेडाकडे केला. आयुष्यभर त्यांनी वीतभर दगडावर जोर काढला होता. इथं एका केसाच्या आत तळ होता, रंग होता, उन्हापावसाशी झुंजणारी ढाल होती, आणि काल संध्याकाळी पाहिलेलं ते वासे-पत्र्याचं खोल घरही त्या अर्ध्या केसातच मावलेलं होतं. त्यांना केस फेकून देववेना.

"आता?" त्यांनी विचारलं.

"आता पुन्हा घासायचं," भाची म्हणाली, आणि मामांनी दचकून पाहिलं तेव्हा त्या दुपारी पहिल्यांदा ती किंचित हसली. "माझ्या पद्धतीनं. तुम्ही पाणी सोडा. हात लावायचा नाही."

म्हणून आरसेमामा, ज्यांच्या हाताखाली चार-चार गडी राबले, ते तांब्या घेऊन पाणी सोडायला उभे राहिले. भाचीनं पेटीतला घासायचा कागद भिजवला. दिसायला कागदच, बोट फिरवलं तर खरखर जाणवू नये इतका मऊ. तो तिनं एका रबराच्या ठोकळ्याला गुंडाळला आणि बॉनेटवर नुसता ठेवला. मामांना वाटलं आता दाबेल. तिनं दाबलं नाही. ठोकळा स्वतःच्या वजनाने सरळ रेघेत गेला, परत आला. तिचा हात त्याच्यावर होता एवढंच. प्रत्येक दोन-चार रेघांनंतर ती थांबायची, पुसायची, दिवा धरून बघायची, कान लावून ऐकतात तशी मान तिरकी करायची. मामांनी जन्मभर कामाचा अंदाज खांद्याच्या दुखण्यावरून घेतला होता. या पोरीच्या खांद्याला कामाचा पत्ताच नव्हता. सगळं काम बोटांच्या टोकाशी चाललं होतं, आणि इतकं हळू की पाणी सोडणाऱ्याचे पाय अवघडले.

पाणी पांढुरकं वाहत होतं. वर्तुळं पातळ होत गेली, मग विरली. शेडमधलं ऊन एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर गेलं. शेवटी मधला डाग राहिला, पारव्याचा. तिथं मामांनी सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जोरात घासलं होतं. भाचीनं ठोकळा ठेवला, दोन रेघा ओढल्या, आणि पाणी काळं आलं.

तिनं हात तिथल्या तिथे उचलला. "संपलं," ती म्हणाली. "वरचा थर संपला. हा रंग आहे."

मामांनी त्या काळ्या ओघळाकडे पाहिलं. मास्तरांचं लाल फडकं त्यांच्या डोळ्यांसमोर आलं, आणि गल्लीभर आपण मळ म्हणून काय काय धुवून काढायला लावलं ते त्यांना लख्ख दिसलं. त्यांना कुठे तोंड लपवावं कळेना.

भाचीनं बाकीचं बॉनेट पेटीतल्या हातमशीननं हळूहळू उजळत आणलं, आणि ते खरोखर आलं, वासे आले, पत्रा आला. मधोमध तळहाताएवढी जागा मात्र मेलेलीच राहिली. तिच्या पेटीत मेणाची एक डबी होती. ते चोळलं तर डाग एखादा दिवस झाकला जातो, हे मामांना तिनंच सांगितलं. मामांनी डबीकडे पाहिलं, मग भाचीकडे.

"नाही लावायचं," ती म्हणाली. "वस्तादांना आता डोळ्यांनी कमी दिसतं. ते बोटांनी बघतात."

सकाळी मामा तिच्याबरोबर गाडीत बसून कारखान्यात गेले. तिनं नको म्हटलं होतं. मामीनं सांगितलं, जाऊ दे त्यांना, घरी राहिले तर भिंती घासतील.

वस्ताद कारखान्याच्या अंगणात उभे होते. उंच, वाकलेले, हाताची नखं कायमची रंगलेली. गाडी उन्हात थांबली. ते भोवती फिरू लागले. दारावरून बोटं, मागच्या डिकीवरून बोटं, छपरावरून अख्खा तळहात. पुढे आले. बोटं बॉनेटवर चढली, मधोमध पोचली आणि थबकली.

भाची बोलण्याच्या आत मामाच पुढे झाले. "मी घासली. तिनं हात लावू नका म्हणून बजावलं होतं. मी लावला."

वस्तादांनी आवाजाच्या दिशेनं पाहिलं. "कशानं घासली?"

"घासणीनं. भांड्यांची पावडर टाकून."

"नुसती इथंच?"

"सगळीकडे," मामा म्हणाले. "या टोकापासून त्या टोकापर्यंत. कडांना पण. मी कोपरे सोडत नाही."

कुणीतरी हसलं. वस्ताद हसले नाहीत. "आणि त्यावर हिनं पुन्हा कागद मारला?"

"काल," भाची म्हणाली.

वस्ताद वाकले. त्यांनी बॉनेटच्या कडेवर बोटाचं टोक ठेवलं आणि अगदी सावकाश, अंगठ्याच्या आधाराने, अख्खी कड चाचपत नेली. मग दुसरी कड. मग दिवा मागवला आणि डोळा जवळजवळ पत्र्याला टेकवून पाहिलं. अंगणातली ठोकाठोक थांबली होती. पोरीचं सगळं आयुष्य त्या म्हाताऱ्या बोटाखाली आहे आणि आपण ते तिथं ठेवलंय, एवढं एकच मामांच्या डोक्यात होतं.

"कडेला रंग नेहमी पातळ बसतो," वस्ताद शेवटी म्हणाले. ते कुणाशी बोलत होते कळत नव्हतं. "ओला असताना तिथून पळतो. घासलं की पहिली कड फाटते. नेहमी. मी एवढी वर्षं मारतोय, माझ्याही कडा फाटतात." त्यांनी बोट पुन्हा एकदा कडेवरून नेलं. "या माणसानं पावडर टाकून घासली, वर कागद लागला, आणि कड शाबूत. मधे फाटली ती याच्या अक्कलहुशारीनं. कडेला नाही." ते सरळ झाले. त्यांचे अधू डोळे पाणावले होते, आणि त्यांनी ते लपवले नाहीत. "पोरी, हे तू कसं केलंस?"

"माहीत नाही," भाची म्हणाली. "कडेपाशी आले की श्वास धरते."

"नुसती मी ठरवलेली परीक्षा घेतली असती तर मला हे कळलं नसतं," वस्ताद म्हणाले. "असली परीक्षा कोण घेतो?" मग मामांकडे वळून, "तुम्हाला मात्र माझ्या अंगणात पुन्हा बघायचं नाही. आणि गाडी असल्या माणसाच्या घरी ठेवलीस ही चूक तुझी, बाई. गाडीच्या मालकाला मी उद्या यायला सांगतो. बॉनेट आजच परत मार." त्यांनी खिशातून किल्ली काढली, रंगाच्या खोलीची, आणि तिच्या हातावर ठेवली. "तुझ्या गननं."

भाचीनं वाकून त्यांना नमस्कार केला. उठली तेव्हा ती रडत होती आणि हसत होती. मामांना वाटलं आपण आता जावं. ते फाटकाकडे निघालेही.

"मामा," तिनं हाक मारली. "थांबा ना. बघा तरी."

वस्तादांनी तोंड फिरवलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

रंगाच्या खोलीला एका बाजूनं काच होती. मामा काचेबाहेर उभे राहिले. आत भाचीनं पांढरा झगा घातला, तोंडावर जाड मुखवटा चढवला, आणि ती ओळखू येईना. बॉनेट खरवडून, पुसून, धुळीच्या कणाकणातून सोडवून ठेवलं होतं. तिनं गन उचलली. गनचा एक सुस्कारा ऐकू आला आणि काळं धुकं सुटलं. तिचा हात पत्र्यापासून वीतभर लांबून, एका सरळ रेषेत जात होता. हात पत्र्याला कुठेच लागत नव्हता. काळा रंग बसला तो कोळशासारखा, विझलेला. मामांना वाटलं, चमक कुठे आहे?

ती थांबली. रंग वाळू दिला. मग दुसऱ्या डब्यातला, पाण्यासारखा दिसणारा थर गनमध्ये भरला आणि पुन्हा सुरुवात केली. कडेपाशी तिचे खांदे क्षणभर स्थिर झाले. श्वास धरला असणार. गन तिथून पुढे गेली तेव्हा मामांनीही श्वास सोडला.

ती मागे झाली, गन ठेवली आणि नुसती उभी राहिली. बॉनेट ओलं होतं, बारीक दाण्यादाण्यांचं, आणि छताच्या नळीदिव्यांचे त्यात तुकडे तुकडे झाले होते. मामा वाट पाहू लागले की आता ही फडकं घेईल, काहीतरी करील. तिनं काही केलं नाही. आणि मग ते तुकडे हलले. एकेक करून सरकले. कुणी हात न लावता, कुणी जोर न लावता तो ओला थर आपला आपण पसरत गेला, दाणे एकमेकांत मिसळले, उजेडाचे तुकडे एकमेकांना जाऊन मिळाले, आणि बघता बघता काळ्याच्या खोल पोटात सगळे दिवे लांब, सरळ आणि अखंड उभे राहिले.

मामांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. आत भाचीनं मुखवटा काढला, काचेतून त्यांच्याकडे पाहिलं आणि भुवई उडवून विचारलं, कसं काय? मामांना उत्तर द्यायचं होतं. पण काचेवर हात टेकवायलासुद्धा त्यांना भीती वाटत होती, म्हणून त्यांनी नुसती मान हलवली.